आईच्या ओठांचा रंग

प्रिय योलान्दा,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू रडायला लागतेस आणि सगळे तुलाच सावरत बसतात. पत्र वाचताना रडलीस तरी माझं बोलणं तुटणार नाही.

इथे चोनेत साथ ओसरलेली नाही. दवाखाना बंद, डॉक्टर फक्त मोबाईलवर भेटतात. आजारी आईला डॉक्टरला दाखवायची वेळ आली तेव्हा मीही पडद्यामागे तापाने फणफणत पडले होते; दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. डॉक्टर यायच्या आधीच तू माद्रिदहून कॉलवर हजर. डॉक्टरसमोर अवतारात जायचं नाही, हे आईनेच आपल्याला शिकवलेलं. पण त्या दिवशी तिच्यात त्राण नव्हतं. "राहू दे गं, दम लागतो," म्हणाली. तू कसली ऐकतेस! "मम्मी, मुलींनी टाकून दिलंय म्हणेल तो. मी पाठवलेली लिपस्टिक लाव, लावल्यासारखी दिसतही नाही."

मग डॉक्टर व्हेरा व्हिडिओवर आला, आवाजावरून अगदी पोरगा. ऑक्सिजन मोजायचं यंत्र आहे का, म्हणाला. ते आमच्या अख्ख्या गल्लीत नाही. नखांच्या रंगावरून कळलं असतं, तर ती आईची कायम रंगवलेली. "मग ओठ दाखवा, मावशी. निळसर झालेत का?" आई खोकत होती. उत्तर तू दिलंस, हसत हसत. "निळे कसले, डॉक्टर? बघा तरी, माझी आई अजून नवरी दिसते." तोही हसला. घरीच राहा, पाणी भरपूर प्या, काही वाटलं तर कळवा, म्हणाला.

दुसऱ्या पहाटे आई गेली. न्यायला कुणी येईना, म्हणून तापातच उठून मी तिला पुसून घेतलं. फडक्याला गुलाबी रंग लागला आणि खालून शाई प्यायल्यासारखे ओठ निघाले. माल पक्का पाठवतेस हो तू.

तुझी तक्रार मिळाली. व्हेराने हयगय केली, त्याला काढून टाका, आणि खाली माझी सही हवी. मी सही करणार नाही. काल त्याचा फोन आला होता. "ताई, माझ्या नजरेतून काय सुटलं?" एवढंच विचारत होता बिचारा. मी त्याला लिपस्टिकचं सांगितलं. ती कुणी लावायला लावली, तेही सांगितलं. चौकशीतही हेच सांगणार आहे. तुला ते परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र.

तुझीच, कारण आता दुसरं कुणी उरलं नाही,
नेल्वा