उन्हाची पाळी

आई, आपल्या गच्चीवर आता सोलर बसले आहे. म्हणजे निळ्या-काळ्या काचेच्या मोठाल्या फळ्या. त्यांच्यावर ऊन पडले की करंट तयार होतो, आणि त्या करंटवर आपल्या बिल्डिंगची पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट चालते. हो, लिफ्टही आली, तू गेल्यावर. एका हातात वाळवणाचे, वडामच्या पिठाचे पातेले आणि दुसरा हात गुडघ्यावर ठेवून तू तीन मजले चढायचीस ते आठवते, आणि वाटते, मेली थोडी आधी आली असती तर काय बिघडले असते. आपली वेस्ट मांबलमची वस्ती तशी आहे तिथेच आहे. स्टेशनातून माणसांचा लोंढा तसाच बाहेर पडतो, भाजीवाला तसाच ओरडतो, आणि चित्तिरै महिन्याचे, ऐन उन्हाळ्यातले ऊन तर तुझ्या वेळेपेक्षा वरचढ.

तुझा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. 'फुकट कोण देतो गे, आणि का?' पूर्ण फुकट नाही. फळ्या बसवायच्या खर्चातला वाटा सरकार उचलते, त्याला सबसिडी म्हणतात. समोरच्या बंगल्याने सगळ्यांच्या आधी घेतली. दोन गाड्या, खोलीखोलीत एसी, त्यांना सबसिडी! मी बाल्कनीतून बघत होते आणि माझा तिळपापड होत होता. लोक म्हणतात, सरकार उन्हाला पैसे देते. अगे, उन्हाला कसले, छपराला देते. ज्याचे छप्पर स्वतःचे त्याला मिळते, आणि भाड्याने राहणारा जन्मभर त्याच उन्हात भाजला तरी त्याच्या हातावर काही पडत नाही. साबणाची वडी घेतली तरी कर मात्र तोही भरतो. आता सरकारने तरी काय करावे, हवेत तर फळ्या टांगता येत नाहीत, हेही मला कळते. तरी राग यायचा तो येतोच.

मग आपल्याच बिल्डिंगमध्ये विषय निघाला, आणि सेक्रेटरी कोण, तर मी. शाळेतून रिटायर झाल्यावर सगळ्यांनी मिळून ते माझ्या गळ्यात घातले. विषय काढला कोणी, तर तिसऱ्या मजल्यावरच्या मामीच्या मुलाने. तोच, जो परीक्षेच्या आदल्या दिवशी गणिते घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात बसायचा आणि गणितांपेक्षा तुझी दह्यातली डांगर पचडीच जास्त फस्त करायचा. आता बँकेतून रिटायर झाला आहे, टक्कल पडले आहे, आणि बोलतो असा की रिझर्व्ह बँक याच्याच खिशात. त्याची योजना तयार होती. पूर्ण गच्चीवर फळ्या घालायच्या, दाराला कुलूप लावायचे, आणि वाचलेल्या करंटमुळे मेंटेनन्स कमी होईल तो फक्त मालकांचा. भाडेकरूंनी पहिल्यासारखाच भरायचा. 'खर्च आपण घालतो, मग फायदा त्यांना का?' असे तो म्हणाला. खोटे नव्हते ते.

आपल्या बिल्डिंगमध्ये भाडेकरू म्हणजे सध्या एकच. खाली मागच्या घरात एक बाई राहते. नवरा नाही, मुलगी गुम्मिडिपूंडीला कारखान्यात नोकरी करते आणि आठवड्याने घरी येते. बाई इडलीचे पीठ दळून विकते. पहाटेपासून तिचा ग्राइंडर घरघरत असतो, त्यामुळे मला घड्याळ लागत नाही. आणि उन्हाळा आला की गच्चीवर तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत घालते. त्या दोन महिन्यांच्या वडामवर तिचे पुढचे कितीतरी दिवस निभतात. गच्चीला कुलूप लागणार हे कानावर पडले तसे ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. 'टीचर, खाली घरात दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. मी वडाम कुठे वाळवू, ट्यूबलाइटखाली?' भांडली नाही, रडली नाही. विचारले आणि पीठ आंबून वर येईल म्हणून लगबगीने परत गेली. मी मात्र दार लावून तिथेच उभी राहिले.

आणि तू आठवलीस. मी नऊ-दहा वर्षांची आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसले आहे, डोक्यावर अप्पांची काळी छत्री, हातात कावळे हाकायची काठी. तुझ्या जुन्या लुगड्यावर आपले वडाम आहेत, आणि पलीकडे खालच्या मजल्यावरच्यांच्या धोतरासारख्या पांढऱ्या वेष्टीवर त्यांचे. मामी वर येते. 'गच्ची आमच्या डोक्यावर आहे, आमचा मान पहिला,' असे म्हणत खालच्यांची वेष्टी टाकीच्या सावलीत सरकवते आणि तिथे स्वतःची पसरते. मला म्हणते, 'तू उगी बस.' मी उगी बसते. तेवढ्यात तू येतेस. मामीला काही बोलत नाहीस. वाकून तिची वेष्टी चार कोपऱ्यांनी अलगद उचलतेस, सावलीत ठेवतेस आणि खालच्यांची उन्हात आणतेस. मग तामिळ सोडून सरळ आपल्या मराठीत म्हणतेस, 'ऊन काय कोणाच्या अप्पाची जहागीर आहे?' मामीला शब्द कळला नाही, पण सूर कळला. त्याच वर्षी तू पाळी लावून दिलीस. खालून सुरुवात. ज्याच्या घरात ऊन येत नाही त्याचा दिवस पहिला, आणि तिसरा मजला शेवटी. मालक कोण, भाडेकरू कोण, हे तू विचारलेच नाहीस. आणि त्या दिवशी जिना उतरताना मला म्हणालीस, 'उगी बस म्हटल्यावर बसतेस होय गे? मग तुझ्यापेक्षा छत्री बरी, ती उभी तरी राहते.' किती लागले होते मला ते.

तेव्हा मीटिंगमध्ये मी उगी बसले नाही. म्हटले, 'बाबा रे, फायदा मोजायचा तर सगळाच मोजू. आजवर उन्हाने तुझे घर भट्टीसारखे तापायचे. आता फळ्यांची सावली तुझ्या छतावर पडणार, तुझा एसी कमी चालणार. त्याचे तू आम्हाला काय देतोस? सरकारने जे दिले त्यात त्या बाईचाही कर आहे. जिन्यातला दिवा तिच्याही मेंटेनन्सवर जळतो. मग मेंटेनन्स कमी होईल तो जो राहतो त्याचा होऊ दे, मालक असो की भाडेकरू. आणि पूर्वेकडची पट्टी मोकळी सोडायची. तिथे फळ्या नाहीत आणि दाराला कुलूप नाही.' तो म्हणाला, त्याने दोन फळ्या कमी बसतील. मी म्हटले, बसू देत कमी. तो चिडला, चष्मा काढून पुसत बसला. बाकीचे कधी माझ्याकडे बघत होते, कधी त्याच्याकडे. आणि मग, आई, त्याला एकदम हसू फुटले. म्हणाला, 'तुझी अम्मा आमच्या अम्माला काय म्हणाली होती? ऊन्न कै अप्पाची जागीर?' तामिळ हेल काढून, पण शब्द न शब्द! तुझ्या स्वयंपाकघरात बसून त्याला मराठी कळू लागली होती, म्हणून मामीने घरी येऊन त्याच्याकडून त्या वाक्याचा अर्थ विचारून घेतला होता म्हणे. अर्थ कळल्यावर आधी दोन दिवस जेवली नाही, आणि मग जन्मभर ते वाक्य नवऱ्याला ऐकवत राहिली. सगळे हसले. तुझे नाव निघाले तसे माझे डोळे भरून आले, मी पदराने घाम पुसल्यासारखे केले. ठराव माझ्या म्हणण्याप्रमाणे झाला.

समोरच्या बंगल्याचे काय, रुळांपलीकडच्या पत्र्याच्या घरांचे काय, ते माझ्याने सुटणारे नाही. आपल्या जिन्यापुरते तरी नीट झाले, मी त्यात खूश आहे.

यंदा पाळी पुन्हा खालून सुरू झाली. बाईचा दिवस पहिला. माझा आला तेव्हा मी तुझे लुगडे पेटीतून काढले, वर जाऊन पूर्वेच्या पट्टीत पसरले, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि शेजारी छत्री घेऊन बसले. लुगड्यावर काहीच नव्हते. मला वडाम कुठे येतात? मी 'शिकव' म्हणायचे तेव्हा तू 'आधी अभ्यास कर' म्हणायचीस, आणि नंतर राहूनच गेले. थोड्या वेळाने बाई कशालाशी वर आली. रिकामे लुगडे बघितले, मला बघितले, आणि 'टीचर, थांबा' म्हणून खाली गेली. पिठाचे पातेले घेऊन लिफ्टने वर आली. माझ्या शेजारी बसली आणि चमच्याने कसे सोडायचे ते दाखवू लागली. माझे काही भोपळ्याएवढे झाले, काही चिंचोक्याएवढे. दुपारी आम्ही दोघींनी अर्धवट वाळलेले, कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ, तिथेच बसून खाल्ले. अर्धवट वाळलेला वडाम म्हणजे स्वर्ग, हे ती म्हणाली आणि मी मान डोलावली.

तुला सगळे सांगून झाले, एकच राहिले. तिच्या पिठाचे वडाम तुझ्यापेक्षा चांगले होतात, आई. पुष्कळच चांगले. हे एवढे लिहून बसल्यावर, टपाल तुझ्यापर्यंत जात असते तरी हे पत्र मी टाकले नसते.