सुळ्यांचा धनी

प्रिय शुवाई,

लेकीकडे हरारेला सुखरूप पोचली असशील. इकडे काल परदेशी शिकाऱ्याने तो लंगडा म्हातारा हत्ती मारला, शाळेच्या हौदावर यायचा तो. मग वाटाड्या मला बोलवायला आला. "गुरुजी, साहेबांना तुमच्या हत्तीकुळाची स्तुती ऐकायचीय."

वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलेली कविता ती, गेलो. शिकाऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. त्याचे डोळे खरोखर भरले होते, म्हणून धड रागही येईना. "सामान्यांगा, सुळ्यांच्या धन्या," एवढं म्हटलं आणि सुळ्यांना लागलेली करवत दिसली. स्तुती तिथेच टाकून परत फिरलो.

संध्याकाळी घरोघर मांस वाटलं. हत्ती आमच्या कुळाचं देवक, आम्हाला ते वर्ज्य. शेजारची चिपो हसत म्हणाली, "गुरुजी, तुमचा भाऊबंद शिजवतेय, रागावू नका हं!"

"मीठ बेताचं घाल," मी म्हटलं, "म्हातारा पथ्यावर होता." सगळे हसले. मीही हसलो.

गावसमितीत शिकारीच्या परवान्यांना तू मागेच हो म्हणालीस. शिकारी भरतात त्याच पैशांतून दवाखाना झाला आणि तिथेच आपली नात वाचली. तुझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण परत आलीस की अंगणातून नेहमीसारखी लाडाने "सामान्यांगा, आहात का घरात?" अशी कुळाच्या नावाने हाक मारू नकोस. काही दिवस मला नुसत्या नावाने बोलाव.

हे वाचून तुला वाटेल, मी तुलाच बोल लावतोय. म्हणून हे पत्र टाकणार नाही. तू तशीच हाक मारशील, आणि मी ओ देईन.

तुझाच,
गारिकाई