जाडा लॅपटॉप मी नेतेय

अहो,

तुम्ही आंघोळीला गेलात आणि माझी गाडी आली. आईकडे दहा दिवस तरी राहावं लागेल. तुमचा जाडा लॅपटॉप मी नेतेय, शोधत बसू नका. माझा नवा पातळ तुमच्या बॅगेत ठेवलाय, तुमच्या सगळ्या फायली त्यात टाकल्यात.

"एवढ्याशा पत्र्याला दुप्पट पैसे?" म्हणून दुकानात माझी चेष्टा केलीत. काम दोन्ही सारखंच करतात, कबूल. पण तुमच्या ऑपरेशन झालेल्या कमरेला तीन मजले उतरताना फरक कळेल.

"कचरा टाकायला चाललेच आहे" म्हणत रोज तुमची बॅग मीच खाली नेते ना? दोघांच्या घरात रोज एवढा कचरा निघतो का हो?