एकेचाळीस वेळा ‘बरं’

ता. ९, मंगळवार

ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. कंबरदुखी कमी झाली हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. यांची शाळा सुरू झाली. यंदा वरच्या वर्गांचं गणित यांच्याकडेच आलंय, त्यामुळे घरभर वह्यांचे ढीग. मुलं यांना फार मान देतात, रस्त्यात दिसले तरी सायकलवरून उतरतात.

माझं नाट्यगृहातलं काम नेहमीसारखंच. कपडेपटात मी आणि माझं शिलाई मशीन. आपल्याला शाळेतून दाखवायला नेलं होतं ते जुनं नाटक आठवतं का? संशयी व्यापारी आणि त्याची हुशार बायको? प्रवासाला जाताना तो तिला कुलपात ठेवतो आणि ती त्याची प्रत्येक आज्ञा इतकी तंतोतंत पाळते की शेवटी तोच आपल्या आज्ञांत अडकतो. तू तेव्हा हसून हसून बाकावरून खाली आली होतीस. तेच नाटक आमच्याकडे नव्याने बसवताहेत. रविवारी दुपारी पहिला प्रयोग. दिग्दर्शकांनी यांनाही पास पाठवलाय, तिसऱ्या रांगेतला, अगदी मधला. हे जाणार आहेत.

बाकी विशेष काही नाही. दोन ओळी खाली हेच लिहितील.

तुझी धाकटी

ता. क. ताईंना नमस्कार. हिची काळजी नसावी. हल्ली नाटकवाल्यांत जरा जास्तच रमते, एवढंच. माझं लक्ष आहे.

ता. ११, गुरुवार, कपडेपटातून

ताई,

मंगळवारचं पत्र मिळालं असेल तर बाजूला ठेव आणि हे वाच. अक्षर लागत नसेल तर हळू वाच. घाईत लिहितेय, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की कागद मी मशीनच्या झाकणाखाली सारते. दोनदा सारून झालाय. दोन्ही वेळा रंगभूषेवाले काका होते, चहाला बोलवायला आले होते.

तुला आलेलं माझं प्रत्येक पत्र यांच्यासमोर लिहिलेलं असतं. हे ते वाचतात आणि पाकीटही हेच चिकटवतात. अकरा वर्षांत अपवाद एकच. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी नाटकाचं सांगते, ते सांगायला सोपं आहे.

त्या व्यापाऱ्याच्या बायकोच्या तोंडी नाटकभर एक शब्द आहे, ‘बरं’. मी संहिता घेऊन मोजले, एकेचाळीस भरले. नवरा म्हणतो, खिडकी उघडायची नाही. बरं. शेजारणीशी बोलायचं नाही. बरं. आमची नायिका तेविशीतली पोर आहे, मी तिला चिमणी म्हणते. ती प्रत्येक ‘बरं’ पापण्या फडफडवून, मान वेळावून म्हणायची. दिग्दर्शक कपाळावर हात मारून घ्यायचे. अगं, ती हुशार आहे, लाडोबा नाही, असं रोज ओरडायचे. पण हुशार म्हणजे नेमकी कशी, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

गेल्या शनिवारी मी चिमणीच्या पोशाखाची कंबर आवळत होते. तोंडात टाचण्या होत्या. तिने विचारलं, “मावशी, एवढी हुशार आहे ही बाई, तर पहिल्या अंकातच पळून का जात नाही?”

टाचण्या तोंडात राहू दिल्या असत्या तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी त्या काढल्या आणि म्हटलं, “ती हुशार नाही गं. ती घाबरलेली आहे. घाबरलेल्या माणसाला सगळं ध्यानात ठेवावं लागतं. कुठली पायरी वाजते, कुठल्या वाराला काय बोललेलं खपत नाही, हसायचं किती आणि कधी थांबायचं. बघणाऱ्यांना ती हुशारी वाटते.”

मग ‘बरं’ कसं म्हणायचं, ते तिने विचारलं. मी म्हणून दाखवलं. नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही. मनगटाकडे बघायचं, अर्धा श्वास थांबायचं आणि मग म्हणायचं, बरं.

दिग्दर्शक दारात कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांनी मला रंगमंचावर नेऊन सगळ्यांसमोर तेच पुन्हा करायला लावलं. मी केलं. आणि ताई, खोटं कशाला बोलू, मला आवडलं. तीस माणसं गप्प झाली होती आणि ती माझ्यामुळे झाली होती. मनगटाकडेच का, असं कुणीतरी विचारलं. दिग्दर्शक म्हणाले, व्यापाऱ्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो म्हणून, उघडच आहे. मीही मान डोलावली.

किल्ल्या नाहीत, ताई. घड्याळ. हात उगारण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ काढतो, पट्टा सरळ करतो आणि काच वर येईल असं टेबलावर ठेवतो. फुटू नये म्हणून. माणूस फार टापटिपीचा आहे. घड्याळ हातात असलं तर तोंडाने काहीही बोलला तरी ती वेळ निभावते, म्हणून मी अकरा वर्षं त्याच्या मनगटाशीच बोलत आले.

वर ‘तो’ लिहिलं गेलंय. खोडायला गेले होते, मग म्हटलं राहू दे. अकरा वर्षं ‘हे’ आणि ‘यांनी’ करत आले, आज ‘तो’ लिहून छताकडे बघितलं, काही कोसळलं नाही. इथून पुढे तोच लिहीन.

आता त्या एका पत्राबद्दल. तीन वर्षांपूर्वी मी इथूनच तुला लिहिलं होतं. फार नाही, पाच-सहा ओळी. तू मला उत्तर दिलं नाहीस, थेट त्याला पत्र लिहिलंस. तुम्ही समजूतदार आहात, तिचं काही चुकत असेल तर सांभाळून घ्या, असं. पत्र चांगलं होतं. त्याने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा घड्याळ टेबलावर होतं. नंतर मी तुला कळवलं की जिन्यावरून घसरले आणि हात प्लास्टरमध्ये आहे. तू तेलाची बाटली पाठवलीस. तुझं चुकलं नाही असं लिहिणार होते, पण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. तुझं चुकलं, ताई. तुझ्यावर मी रागावले होते आणि तो राग कुठे ठेवायचा हे मला अजूनही कळलेलं नाही. पण मला दुसरी ताई नाही.

तर शनिवारी माझं कौतुक झालं आणि सोमवारी त्याची किंमत समोर आली. दिग्दर्शक मनाने फार चांगले. त्या चांगुलपणात त्यांनी माझ्या नवऱ्याला शाळेत पास पाठवला, सोबत चिठ्ठी. ‘तुमच्या पत्नीने आम्हाला नायिका समजावून दिली. कशी, ते येऊन पाहाच.’ झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी जी अकरा वर्षं झाकून ठेवली, ती घटकाभराच्या शाबासकीसाठी उघडून बसले.

त्याने चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली. मग विचारलं, “काय समजावलंस?”

मी म्हटलं, “बाह्या केवढ्या ठेवायच्या ते.”

“बघू,” तो म्हणाला आणि हसला. घड्याळ हातातच होतं. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. तो आधी बघणार आहे.

रविवारी तो तिसऱ्या रांगेत बसेल. चिमणी नवऱ्याच्या मनगटाकडे बघून ‘बरं’ म्हणेल आणि सगळं नाट्यगृह हसेल. चोराच्या मनात चांदणं. ते मनगट कुणाचं, हे तिथे त्याला एकट्यालाच कळेल.

मंगळवारी मी चिमणीला म्हटलं, बाई, तू आपली पहिल्यासारखं कर, पापण्या हलव, मनगटाकडे बघू नकोस. तिने कारण विचारलं नाही. करते म्हणाली. काल तालमीत तिने तसंच केलं. दिग्दर्शकांनी तिला सगळ्यांदेखत झाडली. शनिवारी जमलेलं आज कुठे गेलं, डोकं घरी ठेवून आलीस का, काय काय बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. माझं नाव घेतलं नाही. माझ्या भीतीपायी दुसऱ्याच घरची पोर गप्प उभी होती. मी विंगेत होते, आणि ताई, मला माझीच शिसारी आली.

तालीम संपल्यावर मी तिला सांगितलं, मनगटाकडेच बघ. आणि मग बाकीचंही सांगितलं. ती रडली. मला रडू आलं नाही, मी तिच्या अस्तराची उसवलेली शिवण घालत बसले. शेवटी ती म्हणाली, “मावशी, तो समोर बसलेला असेल तेवढा वेळ तुमचा आहे.”

तेच करायचं ठरवलंय. प्रयोग साडेतीनला. पहिला अंक पन्नास मिनिटांचा आहे आणि त्यात सतरा ‘बरं’ आहेत. पाचव्या-सहाव्यालाच त्याला कळेल. पण तो उठणार नाही. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक शेजारच्या खुर्चीवर आहेत, आणि भर नाट्यगृहात मधूनच उठून जाणं त्याच्या इभ्रतीत बसत नाही. मध्यंतर झालं की तो मागे येईल. त्याआधीच, पावणेचारला, मागच्या रस्त्यावरून तुमच्याकडची बस आहे. दुसऱ्या अंकाच्या पोशाखाचे हुक मी पाठीवरून काढून कुशीला लावलेत, म्हणजे चिमणीला तो एकटीने चढवता येईल आणि कुणी मला हाका मारत शोधणार नाही. पिशवीत दोन कपडे, कात्री आणि ओळखपत्र. एवढंच घेतलंय. तीही घरी नेलेली नाही, इस्त्रीच्या टेबलाखाली आहे.

सगळं नीट ठरलंय असं वाचताना वाटेल. तसं नाही. काल तो जेवताना सहज म्हणाला की रविवारी आपण बरोबरच जाऊ, आणि मी घास हातात धरून बसले. मनात सारखं येतं, तो दारापर्यंत आला, आत आला, बस चुकली, मुख्याध्यापक आलेच नाहीत. रोज मनात वीस वेळा पकडली जाते. कळतं की निघायला हवं, पण पायांना ते पटत नाही.

आणि तुझ्या दाराचीही भीती वाटते, तेही लिहून टाकते. तू मला पाणी देशील, जेवायला वाढशील, दोन दिवस काही बोलणार नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणशील, एकदा त्यांच्याशी बोलून तर बघू. बोलू नकोस, ताई. माझ्यासाठी काही करायचं असेल तर एवढं एकच कर. तो तुझ्याशी फार गोड बोलेल, तुझ्यासमोर डोळ्यांतून पाणीही काढेल. मी ते पाहिलंय.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. चिमणी ते आज टाकतेय, उद्या नाहीतर परवा मिळेल. बस सातला तुमच्या चौकात पोचते. आठपर्यंत मी आले नाही तर बस उशिरा असेल असं म्हणून वाट बघत बसू नकोस. त्याला फोन करू नकोस. निघून ये. भाओजींना घे, तिथल्या पोलीस ठाण्यात हे पत्र दाखव आणि मग ये. एकटी येऊ नकोस.

सव्वापाच झाले. साडेपाचला तो मला न्यायला मागच्या दाराशी उभा असतो. किती जपतो गं बायकोला, असं इथल्या सगळ्याजणी म्हणतात.

घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, असं आई आपल्याला शिकवायची. रविवारी त्या घराला कुलूप तोच लावेल आणि मी शेजारी उभी असेन. त्या घराला मी ‘येते’ म्हणणार नाही. ते तुला म्हणते.

येते, ताई.

तुझी धाकटी