यातला आपला कोणता?

प्रिय बाईसाहेब,

तुझ्या बाबांना अचानक दारात बघून तू घाबरली असशील. म्हणून आधी ते सांगून टाकतो: इकडे सगळं ठीक आहे, कोणी आजारी नाही, घर जागेवर आहे. बाबांना पाणी दे, पाय वर घेऊन बसू दे आणि मग हे आतल्या खोलीत जाऊन वाच. त्यांना काही विचारू नकोस. हे मी त्यांच्यासमोर बसून लिहितोय आणि त्यांनी मुद्दाम खिडकीकडे तोंड केलंय.

रोज संध्याकाळी तू फोनवर विचारतेस, दिवस कसा गेला. मी म्हणतो, कामात. कधी म्हणतो, आज हिरव्याने छळलं, औषधाच्या खोक्यांचा हिरवा काही केल्या जुळेना. तू हसतेस आणि म्हणतेस, त्या हिरव्याला माझा नमस्कार सांग. बाईसाहेब, तुझी बदली झाली त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच माझा आणि छापखान्यातल्या हिरव्याचा संबंध संपला. तेव्हापासून मी रोज डबा घेऊन, भांग पाडून, वेळेवर घराबाहेर पडतो आणि बाजारामागच्या वाचनालयात जाऊन बसतो. तिथे वरच्या मजल्यावर चार संगणक आहेत. कोपऱ्यातल्या संगणकावर मी दिवसभर बुद्धिबळ बघतो.

खेळत नाही, नुसतं बघतो. खेळणारी माणसंही नाहीत. दोन संगणक प्रोग्राम एकमेकांशी खेळतात, दिवसरात्र. एक डाव संपला की लगेच दुसरा. पटाच्या बाजूला एक उभी पट्टी असते, काळं-पांढरं वरखाली होत राहतं; कोणाचं पारडं जड आहे ते तिच्यावरून कळतं. चाली मला निम्म्या कळत नाहीत. चांगला वजीर कोपऱ्यात नेऊन ठेवतात, आणि वीस चालींनंतर उमगतं की तिथेच तर समोरच्याचा गळा होता. पण मी त्या हुशारीसाठी बसत नव्हतो. हरलेला प्रोग्राम हरतो तेव्हा कुणाचीच मान खाली जात नाही, कुणाला घरी जाऊन तोंड दाखवायचं नसतं. ते बघत बसलं की बरं वाटायचं. इतकंच.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी पडद्यात डोकं घालून बसलो होतो आणि शेजारची खुर्ची सरकली. बघतो तर बाबा. हातात वर्तमानपत्र, डोक्यावर ती टोपी. आता काय सांगू? सुट्टी आहे? साहेबांनी काही शोधायला पाठवलंय? बाबांनी चष्मा पुसला, पडद्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “यातला आपला कोणता?”

मी म्हणालो, “कोणताच नाही. दोन्ही यंत्रं आहेत.”

“असं कसं? बघायचं तर आपला एक हवा. मी काळा घेतो.”

बस्स, एवढंच. दुपारी माझ्या डब्यातली अर्धी पोळी त्यांनी खाल्ली, संध्याकाळी माझ्याआधी घरी पोचले आणि मी दार उघडून आत आल्यावर, “आलात का जावईबापू, दमलात?” असंही विचारलं. मी म्हणालो, “दमलो.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी त्या दोन प्रोग्रामांना थोरला आणि धाकटा अशी नावं ठेवली. “हे दोघं चहाला उठत नाहीत का हो?” “धाकट्याला घाई फार, हत्ती घालवून बसेल.” आणि बसायचाच. ग्रंथपाल बाई दोनदा ‘शू’ करून गेल्या. एवढे दिवस आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसलो, पण तुम्ही इथे का, हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. चोरी पकडली गेली आणि पकडणाराच शेजारी बसून चोराच्या डब्यातली पोळी खातोय, अशी माझी गत.

एकदा थोरला पार बुडाला होता. हत्ती गेलेला, राजा उघडा, पट्टी जवळजवळ सगळी काळी. तरी तो एकेक प्यादं पुढे सरकवत होता. मला बघवेना. मी म्हणालो, “सोडून द्यायला हवा डाव. उगाच कशाला ताणतोय?” बाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, “त्याला रुसायला कुणी शिकवलं नाही ना.” थोरला हरलाच शेवटी. लगेच पुढचा डाव मांडला गेला आणि बाबांनी या वेळी पांढरा घेतला. मी मात्र दिवसभर त्या वाक्यापाशी अडकलो. आपलं लग्न झाल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात तू मला पटावर हरवायला लागलीस, तेव्हा मी पट उधळायचो आणि मांजराने उधळला म्हणायचो. तुला माहीत होतं. मांजर खालच्या घरात राहायचं.

तर आता खरं ऐक. मला कुणी काढलं नाही. छापखाना बुडाला नाही, माणसं कमी केली नाहीत. विभागप्रमुख म्हणून मालकांनी त्या मुलीचं नाव जाहीर केलं, जिला मी रंग ओळखायला शिकवलं, जी आपल्याकडे जेवून गेली आणि तुझ्याकडून स्वेटरचा नमुना घेऊन गेली. सगळ्यांसमोर मी म्हणालो, “मग माझी इथे गरज नाही,” आणि किल्ल्या टेबलावर आपटून निघालो. मला खात्री होती की मालक मागून येतील. जिन्यात थांबलो. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. दुसऱ्या बुटाचीही बांधली. वर यंत्रं सुरू झाल्याचा आवाज आला. कुणी आलं नाही. त्या जिन्यातलं माझं वाकलेलं रूप आठवलं की अजून कान तापतात. घरखर्च साठवणीतून चाललाय, आणि ती साठवण काही माझ्या एकट्याची नाही.

आता परवाचा फोन. मी भाजी निवडत होतो, बाबा समोर होते, म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला. तुझ्या साहेबाने भरल्या कचेरीत तुझी फाईल जमिनीवर टाकून तुला ती उचलायला लावली, हे तू सांगितलंस. मग म्हणालीस, “सोमवारी राजीनामा देते आणि घरी येते. तुझी नोकरी आहे म्हणून तरी ही हिंमत होतेय.” तिथे मी बोलायला हवं होतं. मी काय बोललो? “दे सोडून बिनधास्त! मी आहे ना खंबीर!” तू रडत रडत हसलीस. मी फोन ठेवला. बाबा मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले.

काल वाचनालयात ते आले, पण बसले नाहीत. “यंत्र बंद करा,” म्हणाले. त्यांनी मला जिन्यात नेलं. “जावईबापू, मी जन्मभर गाडीत तिकिटं तपासली. विनातिकीट माणूस दिसला की त्याला चारचौघांत बोलायचं नाही, बाजूला घ्यायचं, हा माझा नियम. म्हणून गप्प होतो. वाटलं, तुम्ही आपणहून सांगाल. पण काल तुम्ही माझ्या मुलीला विनातिकीट गाडीत चढवलंत.” मग कळलं की पहिल्याच आठवड्यात मी चष्मा घरी विसरलो, तेव्हा ते तो द्यायला छापखान्यात गेले होते. ती मुलगी फाटकापर्यंत आली. म्हणाली, “सरांचं टेबल तसंच ठेवलंय. मी बोलावलं तर त्यांना कमीपणा वाटेल, नाहीतर कधीच आले असते घरी.” दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याच बसमध्ये मागच्या दाराने चढले आणि माझ्यामागोमाग वाचनालयात आले. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, बाईसाहेब. अंधारात फक्त तू होतीस, आणि तुला मी ठेवलं होतं.

तिथून मी तडक छापखान्यात गेलो. बाबा समोरच्या पदपथावर थांबले. तिने मला खुर्ची दिली, मी बसलो नाही. “मला पुन्हा घ्याल का, तुमच्या हाताखाली,” असं विचारताना तिला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणालो आणि तीच ओशाळली. म्हणाली, मालकांना विचारावं लागेल, ते अजून रागात आहेत. बुधवारपर्यंत कळेल. होईलच असं नाही.

आज शनिवार, उद्या रविवारी बाबा तुझ्याकडे पोचतील. हे पत्र एवढ्यासाठी लिहिलं की सोमवारी तू त्या माणसाच्या टेबलावर कागद ठेवशील, तेव्हा तो माझ्या थापेवर ठेवू नकोस. फोनवर सांगणार होतो, तीनदा लावला आणि तुझा आवाज ऐकून तीनदा हवापाणी विचारलं. बाबा म्हणाले, “लिहा, मी घेऊन जातो.” तुला नोकरी सोडायची असेल तर सोड. फाईल जमिनीवरून उचलायला लावणाऱ्यापाशी राहा, असं म्हणण्याचं तोंड मला नाही, आणि तू आलीस तर आपण कसंही भागवू. पण तुझा नवरा खंबीर नाही, रुसून घरी बसलेला आहे, हे माहीत असताना काय ते ठरव. वाचून झालं की फोन कर. काय हवं ते बोल. मी गंमत करून विषय बदलणार नाही.

आहे असा, तुझाच