पाट मांडण्याआधी

अंबरनाथ, भाऊबीज १९९१

प्रिय कुंदा,

वालधुनी नदीच्या दगडावर धुणं आपटत, त्याच ठेक्यावर तू शाळेतली कविता म्हणायचीस. तो आवाज अजून कानात आहे. नऊशे वर्षांचं देऊळ उभं आहे, पण त्याच्या शेजारची नदी आता कधी निळी वाहते, कधी लाल.

काठचं शेत विकताना ‘तिथे शाळा होणार’ असं सांगून मी तुझी सही घेतली. रंगाचा कारखाना आला, तेव्हा ‘मलाही फसवलं’ म्हणालो. मला आधीपासून ठाऊक होतं. तू नागपूरला, यंदाही येणार नाहीस, म्हणून लिहायचा धीर झाला.

कडी वाजली. दारात तूच. म्हणालीस, “दादा, निबंध पुरे. पाट मांड, ओवाळते.”

तू नळावर पाय धुतेस तोवर एवढंच लिहितो : हे तोंडाने सांगणं मला जमणार नाही.

तुझा,
दादा