रामसेवकला वर काही द्यावं का

५ मे
आईची फिजिओथेरपी सुरू. खुब्याच्या ऑपरेशनला दीड महिना झाला. आता हालचाल केली नाही तर पाय कायमचा आखडेल, डॉक्टर म्हणाले. प्रेम नगरमधला आमचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. ई-रिक्षावाला रामसेवक आपणहून वर आला. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. पाठ त्याने धरली, पाय मी. भाडं ऐंशी, वर पन्नास दिले. घेतले. चहा प्यायला. सरळ व्यवहार, बरं वाटलं.

७ मे
पुन्हा पन्नास. दादा नागपुरातून फोनवर, "सवय लावू नकोस." त्याला कुठे खुर्ची उचलायचीय. माझा नियम साधा. दारापर्यंत येणाऱ्याला ठरलेलं, आत येऊन कष्ट घेणाऱ्याला वर काहीतरी. सिलिंडरवाल्याला देते, पार्सलवाल्याला नाही.

९ मे
आईने घोळ घातला. पहिल्या मजल्यावर खुर्ची टेकवून दम खात होतो, तर हिच्या चौकशा.
"भैया, कहाँ के हो?"
"समथर."
झालं. आईचं माहेर समथर, आजोबा तिथे शाळेत मास्तर. "मास्साब की बिन्नू?" मास्तरांची लेक, म्हणत रामसेवक वाकून आईच्या पायाच पडला. साठीचा माणूस. वर आल्यावर पन्नास पुढे केले तर हात मागे. "गाँव की जिज्जी सें कछू नईं लेत." भाडं तेवढं घेतलं, गाडी मालकाची म्हणून. चहा राहू दे, पाणीसुद्धा नाही. बहिणीच्या घरचं चालत नाही म्हणे. बाहेर ऊन आग ओकत होतं.

१२ मे
मानिक चौकातून पेढे आणले, त्याच्या घरच्यांसाठी. तेही नको.
आई मात्र खुललीय. आधी थेरपीच्या नावाने रडायची, आता साडी बदलून तासभर आधी तयार. वॉकर धरून सहा पावलं टाकली.

१४ मे
रामसेवकने कमरेला गमछा करकचून बांधला होता. विचारलं तर "कछू नईं." पैसे देत होते तोवर मला त्याची कंबर दिसली नव्हती. आता दिसते आणि लाज वाटते. क्लिनिकमधला एक जण दोनशे घेऊन उचलायला येईन म्हणतो. आईला सांगितलं.
"त्याला आणलंस तर मी जायची नाही."

१६ मे
रामसेवक आला नाही. फोन बंद. क्लिनिकच्या माणसाला बोलावलं. आई पलंगावरून उठली नाही. त्याला दोनशे देऊन परत पाठवलं. "पाय आखडेल," मी म्हटलं. "आखडू दे."

१९ मे
आला. कमरेला डॉक्टरी पट्टा. मी खुर्ची बाहेर काढलीच नाही. तो तीन पायऱ्या खाली उभा राहिला, दोन्ही हात पुढे करून. "आओ जिज्जी." आई कठडा धरून एकेक पायरी उतरली. अर्धा तास लागला. मी मागे, वॉकर घेऊन.
खाली पोचल्यावर त्याने खिशातून घडी केलेली नोट काढली, आईच्या हातात ठेवली, पाया पडला. "आज अपने पाँव उतरीं." आईने ती कनवटीला लावली.
येतानाही तशीच एकेक पायरी चढली. घरी आल्यावर म्हटलं, "अगं, परत कर."
"भावाने दिलेलं परत करतात का?"
शंभराची होती. त्याने भाडं घेतलं ते ऐंशीच.
परवा पुन्हा थेरपी आहे. त्याला फोन करावा का, ठरत नाही.